एनजीसी ६५०५ चे वस्तुमान: सोलापुरातील एका एम. एस्सी. प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापुरातील एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या एम. एस्सी.च्या शेवटच्या सत्रात झालेल्या एका प्रकल्पाची ही नोंद आहे. विद्यार्थिनीची ओळख उघड होऊ नये म्हणून तिचे नाव, महाविद्यालय आणि नेमके वर्ष दिलेले नाही. ती शहराच्या पूर्व भागात राहते, घरात तेलुगू बोलली जाते, शिक्षण मराठीतून झाले आणि वडील यंत्रमागावर टॉवेल विणण्याचे काम करतात. तिच्याकडे स्वतःचा संगणक नव्हता, त्यामुळे सगळी आकडेमोड महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, कामकाजाच्या वेळेतच करावी लागत असे. प्रकल्पाच्या निवडीवर याचा थेट परिणाम झाला, म्हणून त्याचा उल्लेख येथे आवश्यक आहे. मी या प्रकल्पात सहमार्गदर्शक होतो.

विषय तिनेच सुचवला. युरोपीय अवकाश संस्थेच्या युक्लिड दुर्बिणीने एनजीसी ६५०५ या लंबवर्तुळाकार दीर्घिकेभोवती पूर्ण आईनस्टाईन वलय टिपल्याची बातमी १० फेब्रुवारी २०२५ रोजी प्रसिद्ध झाली होती आणि ते छायाचित्र तिने जपून ठेवले होते. ही दीर्घिका कालेय तारकासमूहात आहे आणि १८८४ पासून खगोलशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. तरीही तिच्या गाभ्याभोवती मागच्या एका दीर्घिकेच्या प्रकाशाचे वलय आहे, हे सुमारे १४० वर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते. युक्लिडच्या सुरुवातीच्या चाचणीत, सप्टेंबर २०२३ मध्ये घेतलेल्या प्रतिमांत ते ब्रुनो आल्तिएरी या शास्त्रज्ञाला दिसले. "सर, या वलयावरून दीर्घिकेचे वजन काढता येते ना? मला तेच करायचे आहे," असे ती म्हणाली आणि तेथून प्रकल्प सुरू झाला.

गुरुत्व प्रकाश वाकवते आणि त्यावरून वस्तुमान मोजता येते, या कल्पनेचा इतिहास थोडक्यात असा आहे. सूर्याच्या कडेला लागून येणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे १.७५ आर्कसेकंदांनी (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग) वाकतो, हे १९१९ च्या खग्रास ग्रहणात तपासले गेले. एखादा तारा दुसऱ्या ताऱ्याच्या प्रकाशासाठी भिंगासारखा वागू शकेल, असे आईनस्टाईन यांनी १९३६ मध्ये लिहिले, पण तसे प्रत्यक्ष दिसण्याची आशा त्यांना नव्हती. पुढच्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकी यांनी ताऱ्यांऐवजी संपूर्ण दीर्घिका भिंगाचे काम करतील आणि त्यावरून त्यांचे वस्तुमान मोजता येईल, असे सुचवले. पहिले असे भिंग १९७९ मध्ये वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांना सापडले. आकाशात सुमारे सहा आर्कसेकंदांच्या अंतराने दिसणारे दोन क्वासार (दूरच्या दीर्घिकांचे अतितेजस्वी गाभे) ही एकाच क्वासारची दोन प्रतिबिंबे निघाली.

कोणती दीर्घिका घ्यावी

पहिला निर्णय दीर्घिकेच्या निवडीचा होता आणि तो वरवर वाटतो तितका सोपा नव्हता. बातमीतली दीर्घिका घ्यायची हे तिच्या मनात पक्के होते, पण इतर तीन पर्याय तपासूनच निवड करावी असा आमचा आग्रह होता.

१९७९ चे ते पहिले भिंग सर्वांत प्रसिद्ध, परंतु त्यातली दीर्घिका एका दीर्घिकासमूहाच्या मध्याशी आहे. प्रतिबिंबांमधील अंतरात त्या समूहाच्या वस्तुमानाचाही वाटा येतो आणि दोन्ही वाटे वेगळे करणे हे एम. एस्सी.च्या एका सत्रात होणारे काम नाही. आईनस्टाईन क्रॉस म्हणून ओळखले जाणारे, १९८५ मध्ये सापडलेले चार प्रतिबिंबांचे भिंग सर्पिल दीर्घिकेच्या गाभ्याचे आहे, म्हणून ते लंबवर्तुळाकार दीर्घिकेच्या विषयातच बसत नव्हते. तिसरा पर्याय एसडीएसएस जे०९४६+१००६ या दीर्घिकेचा होता. तिच्याभोवती १.४३ आणि २.०७ आर्कसेकंद त्रिज्येची दोन वलये आहेत, म्हणजे तिच्या मागे वेगवेगळ्या अंतरांवर दोन उगम आहेत. दोन वलयांवरून वस्तुमानाचा उतारही काढता येतो, त्यामुळे वैज्ञानिकदृष्ट्या हा पर्याय सर्वांत समृद्ध आहे, पण जवळचा उगम स्वतःही दूरच्या उगमासाठी भिंग बनतो आणि गणित दुप्पट किचकट होते.

एनजीसी ६५०५ च्या बाजूने तीन गोष्टी होत्या. वलय पूर्ण आणि जवळजवळ गोल आहे. दीर्घिका भिंगांच्या मानाने फार जवळ, सुमारे ५९ कोटी प्रकाशवर्षांवर आहे, तर मागची दीर्घिका सुमारे ४४२ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. शिवाय लागणारे सर्व आकडे प्रसिद्ध झालेले होते: भिंगाची ताम्रसृती (विश्वाच्या विस्तारामुळे प्रकाश लाल बाजूला सरकण्याचे प्रमाण) ०.०४२, उगमाची ०.४०६, आईनस्टाईन त्रिज्या (वलयाची आकाशातील त्रिज्या) २.५ आर्कसेकंद आणि दीर्घिकेतील ताऱ्यांच्या वेगांचा फैलाव सेकंदाला ३०३ किलोमीटर, त्रुटी (मोजमापातील अनिश्चितता) १५.

मूळ प्रतिमेवरून त्रिज्या आपणच मोजावी, अशी तिची इच्छा होती. पण बातमीसोबत आलेले छायाचित्र रंग आणि उजळपणा बदलून तयार केलेले असते. त्यातून भिंगदीर्घिकेचा स्वतःचा प्रकाश वजा करून वलय वेगळे करणे विश्वासार्हपणे जमले नसते, आणि जवळ संगणक नसलेल्या विद्यार्थिनीला तो भार सोसलाही नसता. म्हणून त्रिज्या प्रसिद्ध स्वरूपात घ्यायची आणि पुढचे सर्व गणित स्वतः करायचे, असे ठरले. माझ्या मते हा निर्णय योग्य होता, कारण प्रकल्पातील खरे भौतिकशास्त्र त्रिज्येच्या पुढेच सुरू होते.

पद्धत आणि पहिला आकडा

भिंग, उगम आणि निरीक्षक एका रेषेत असतील आणि भिंगाचे वस्तुमान गोलसर पसरलेले असेल, तर उगमाचे प्रतिबिंब वलयाच्या रूपात दिसते. त्या वलयाच्या आत आकाशाच्या पृष्ठावर जेवढे वस्तुमान दिसते, त्याची सरासरी पृष्ठघनता एका ठराविक निर्णायक मूल्याइतकी असते. ते निर्णायक मूल्य केवळ तीन अंतरांवर अवलंबून असते: आपल्यापासून भिंगापर्यंत, आपल्यापासून उगमापर्यंत आणि भिंगापासून उगमापर्यंत. या पद्धतीचे सौंदर्य असे की वलयाच्या आत वस्तुमान मध्याकडे कसे दाटलेले आहे, ते ताऱ्यांचे आहे की कृष्णद्रव्याचे (प्रकाश न देणाऱ्या, केवळ गुरुत्वातून जाणवणाऱ्या द्रव्याचे), ते स्थिर आहे की फिरते, यांपैकी काहीही माहीत असण्याची गरज पडत नाही. प्रकाश सर्व वस्तुमानापुढे सारखाच वाकतो.

सूत्र शब्दांत असे मांडता येते: प्रकाशवेगाच्या वर्गाला गुरुत्वस्थिरांकाच्या चौपटीने भागावे, त्याला रेडियनमधील आईनस्टाईन त्रिज्येच्या वर्गाने गुणावे, मग भिंगाच्या आणि उगमाच्या अंतरांच्या गुणाकाराने गुणून भिंग ते उगम या अंतराने भागावे.

अंतरांसाठी तिने हबल स्थिरांक (विश्वाच्या विस्ताराचा दर) ७० आणि पदार्थाचा वाटा ०.३ असलेले सपाट विश्व धरले. भिंगाचे कोनीय अंतर (कोनावरून खरा आकार काढण्यासाठी वापरायचे अंतर) १७१ मेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे) आणि उगमाचे १,११८ मेगापार्सेक आले. तिसरे अंतर काढताना तिने पहिल्या खेपेला १,११८ मधून १७१ वजा केले आणि ९४७ लिहिले. विस्तारणाऱ्या विश्वात कोनीय अंतरे अशी वजा करता येत नाहीत. सपाट विश्वात सहचल अंतरे (विस्ताराचा परिणाम वगळून मोजलेली अंतरे) वजा करावी लागतात आणि त्या वजाबाकीला एक अधिक उगमाची ताम्रसृती या संख्येने भागावे लागते. तसे केल्यावर ९९१ मेगापार्सेक आले. या चुकीमुळे वस्तुमान सुमारे पाच टक्क्यांनी फुगले असते. ही चूक सहज होण्याजोगी आहे आणि तिच्या उत्तराचा आकार विश्वासार्ह वाटावा असाच असतो, म्हणून ती पकडणे अवघड जाते. तिने ती स्वतः पकडली, कारण ताम्रसृती फार कमी असताना दोन्ही पद्धती जुळतात का, हे तपासण्याची सवय तिने लावून घेतली होती.

अखेरचे उत्तर असे आले: वलयाच्या आतील वस्तुमान सुमारे १४,८०० कोटी सूर्यांइतके. आकाशातील २.५ आर्कसेकंद म्हणजे त्या दीर्घिकेच्या अंतरावर २.०७ किलोपार्सेक, म्हणजे जवळपास ६,७५० प्रकाशवर्षे. एवढ्या लहान वर्तुळात दर चौरस पार्सेकमागे सरासरी ११,००० सूर्यांचे वस्तुमान दाटलेले आहे. हा आकडा पाहून ती बराच वेळ फळ्यापुढून हलली नाही, आणि तिचे हरखून जाणे रास्त होते.

अडचण

प्रकल्पाच्या दुसऱ्या भागात तेच वस्तुमान स्वतंत्र मार्गाने काढून पडताळायचे होते. दीर्घिकेतील तारे एकमेकांच्या आणि कृष्णद्रव्याच्या गुरुत्वाने बांधलेले असतात. त्यांच्या वेगांचा फैलाव जितका जास्त, तितके त्यांना धरून ठेवणारे वस्तुमान जास्त. घनता मध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते असे सोपे प्रतिमान घेतले, तर एखाद्या त्रिज्येच्या आतील वस्तुमान हे फैलावाच्या वर्गाची दुप्पट, गुणिले त्रिज्या, भागिले गुरुत्वस्थिरांक इतके येते. ३०३ किलोमीटर आणि २.०७ किलोपार्सेक घालून तिला ८,८५० कोटी सूर्य मिळाले.

एका मार्गाने १४,८००, दुसऱ्याने ८,८५०. गुणोत्तर १.६७. फैलावातील त्रुटी पाच टक्के, म्हणजे वस्तुमानात दहा टक्के. एवढ्या त्रुटीने हा फरक भरून निघत नव्हता. प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात तिने लिहिले की गुरुत्वीय भिंगाने मोजलेले वस्तुमान ताऱ्यांच्या गतीवरून मोजलेल्यापेक्षा ६७ टक्क्यांनी जास्त असून हा फरक कृष्णद्रव्याचा आहे.

हे वाक्य आकर्षक होते, आणि कृष्णद्रव्याविषयी आधी ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीशी जुळणारे होते. तरीही ते टिकणारे नव्हते. तारे कृष्णद्रव्याच्याही गुरुत्वात फिरतात, त्यामुळे त्यांच्या वेगांचा फैलाव एकूण वस्तुमानच सांगतो. भिंगही एकूण वस्तुमानच सांगते. दोन्ही मोजमापांत कृष्णद्रव्य आधीच धरलेले असताना त्यांच्यातील फरक कृष्णद्रव्य असूच शकत नाही. फरकाचे कारण दुसरे काहीतरी होते आणि प्रबंध सादर करण्याची तारीख जवळ आली होती.

समोरचे पर्याय

या टप्प्यावर चार मार्ग चर्चेत आले.

मसुदा तसाच ठेवण्याचा मार्ग विद्यार्थिनीला सुरुवातीला मान्य होता. परीक्षकही कदाचित काही बोलले नसते. पण ज्या विधानाचा आधार तर्कातच मोडतो, ते छापून ठेवणे हे तिच्यावर अन्याय करण्यासारखे झाले असते, कारण पुढे संशोधनाला जायचे असेल तर हाच प्रबंध तिच्याबरोबर जाणार होता.

दुसरा मार्ग ताऱ्यांच्या गतीचा भागच गाळण्याचा. वेळ पाहता हा सर्वांत सुरक्षित होता. पण मग प्रकल्पात एका सूत्रात आकडे भरण्यापलीकडे काही उरले नसते.

तिसरा मार्ग तिनेच सुचवला: हबल स्थिरांक बदलून पाहावा. तो ६७ की ७३ हा वाद चालू असल्याचे तिने वाचले होते. आम्ही तिला तसे करून पाहू दिले. स्थिरांक ६७.४ धरला तर भिंगाचे वस्तुमान १५,३७० कोटी येते, ७३ धरला तर १४,१९० कोटी. पण गतीवरून काढलेले वस्तुमानही त्याच प्रमाणात सरकते, कारण त्यातली त्रिज्या त्याच अंतरावरून येते. गुणोत्तर १.६७ वरून हलेना. हा प्रयोग निष्फळ ठरला असे मी म्हणणार नाही. ज्या अडचणीचे मूळ विश्वाच्या विस्तारात शोधता येत नाही, तिचे मूळ आपल्या भूमितीत शोधावे लागते, हे तिला या प्रयोगातून स्वतःला दिसले.

चौथा मार्ग पुण्याला आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्रातील एखाद्या तज्ज्ञाला गाठण्याचा होता. हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघाले की दुपारच्या आत पुणे गाठता येते आणि भिंगांवर काम करणारे संशोधक तेथे आहेत. तो मार्ग आम्ही राखून ठेवला. प्रश्न नीट मांडता आल्याशिवाय तज्ज्ञाकडे जाऊ नये, असे मार्गदर्शकांचे मत पडले, आणि प्रश्न नीट मांडण्याच्या प्रयत्नातच उत्तर सापडले.

काय केले

मार्गदर्शकांनी तिला खरी दीर्घिका काही काळ बाजूला ठेवायला सांगितले. त्याऐवजी कागदावर एक काल्पनिक दीर्घिका घ्यायची, जिच्यात घनता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणातच घटते, ताऱ्यांचा फैलाव ठरवून ३०० आहे आणि कोणतीही त्रुटी नाही. मग त्या दीर्घिकेचे वस्तुमान दोन्ही पद्धतींनी काढायचे. पद्धतींत विसंगती नसेल तर उत्तर तंतोतंत एकच यायला हवे.

तसे आले नाही. येथेही भिंगाचे उत्तर मोठे आले आणि गुणोत्तर १.५७ निघाले. हा आकडा तिने दशांशात लिहिला होता. पाय (π) भागिले दोन असा तो लिहून पाहा, असे सांगितल्यावर कारण उलगडू लागले.

गतीच्या सूत्रातील वस्तुमान एका गोलाच्या आतले आहे, ज्याची त्रिज्या २.०७ किलोपार्सेक आहे. भिंगाला मात्र गोल ठाऊकच नसतो. प्रकाशाचा किरण दीर्घिकेच्या मागून येऊन पुढे जाईपर्यंत दृष्टिरेषेवरचे सगळे वस्तुमान त्याला वाकवते, मग ते मध्यापासून दहा किलोपार्सेक पुढे असो वा मागे. म्हणजे भिंग मोजते ते एका लांबच लांब दंडगोलातले वस्तुमान, ज्याचा काटछेद आकाशातले ते वलय आहे. कलिंगडाच्या मधोमध गोल नळी आरपार घालून काढलेला गर आणि त्याच जाडीचा, फक्त मध्यातून काढलेला गोळा, यांचे वजन सारखे असणार नाही, असे मार्गदर्शकांनी सांगितले तेव्हा तिने लगेच मसुद्यातले ते वाक्य खोडले. वर्गव्यस्त घनतेच्या प्रतिमानात दंडगोल आणि गोल यांचे गुणोत्तर प्रत्येक त्रिज्येवर पाय भागिले दोन इतकेच राहते.

आता खऱ्या दीर्घिकेकडे परत जाता आले. ८,८५० कोटींचे गोलातले वस्तुमान दंडगोलात बदलल्यावर १३,९०० कोटी झाले. भिंगाच्या १४,८०० कोटींशी फरक उरला फक्त साडेसहा टक्क्यांचा, आणि फैलावातील त्रुटीमुळे अपेक्षित अनिश्चितता दहा टक्के होती. तिने उलट बाजूनेही पाहिले: वलयाच्या त्रिज्येवरून त्याच प्रतिमानात ताऱ्यांच्या वेगांचा फैलाव किती असावा, याचे उत्तर ३१३ येते, तर वर्णपटावरून मोजलेला फैलाव ३०३ अधिक-उणे १५ आहे. दोन्ही एकमेकांच्या त्रुटीच्या आत आहेत.

हा मेळ केवळ योगायोग नाही, यालाही आधार आहे. स्लोन या आकाश सर्वेक्षणातून निवडलेल्या आणि हबल दुर्बिणीने टिपलेल्या भिंगदीर्घिकांच्या मोठ्या संचावर झालेल्या अभ्यासांत, लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या एकूण वस्तुमानाची घनता सरासरीने अंतराच्या सुमारे २.०८ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तारे एकटे असे वागत नाहीत, कृष्णद्रव्य एकटेही नाही, पण दोघे मिळून दोनच्या इतक्या जवळ येतात. असे का होते, हे मला या विषयातील सर्वांत मोठ्या कोड्यांपैकी एक वाटते. मात्र एकेका दीर्घिकेचा उतार या सरासरीपासून ढळतो, म्हणून तिने आपल्या प्रबंधात वर्गव्यस्त प्रतिमानाला मोजमाप न म्हणता गृहीतक म्हटले.

कृष्णद्रव्याचा प्रश्न

मूळ मसुद्यातील वाक्य गेले तरी कृष्णद्रव्याचा प्रश्न गेला नव्हता. तो विचारण्याची योग्य जागा भिंग आणि गती यांच्यामध्ये नसून भिंगाचे एकूण वस्तुमान आणि ताऱ्यांचे वस्तुमान यांच्यामध्ये आहे. वलयाच्या आत कृष्णद्रव्याचा वाटा सुमारे ११ टक्के असल्याचे युक्लिडच्या शोधनिबंधात नोंदले आहे. त्यानुसार १४,८०० कोटींपैकी सुमारे १३,१६० कोटी ताऱ्यांचे.

येथे दुसरा निर्णय घ्यावा लागला. हा वाटा जसाच्या तसा उद्धृत करून थांबायचे, की तो कशावर अवलंबून आहे ते दाखवायचे? ताऱ्यांचे वस्तुमान त्यांच्या प्रकाशावरून काढतात, आणि त्यासाठी मोठे तारे किती व लहान तारे किती जन्मले याचे गृहीतक लागते. लहान, मंद तारे प्रकाशात जवळजवळ काहीच भर घालत नाहीत, पण वस्तुमानात पुष्कळ घालतात. १९५५ मधील सॅल्पीटर यांची वाटणी घेतली तर ताऱ्यांचे वस्तुमान शाब्रिए यांच्या नंतरच्या वाटणीपेक्षा साधारण १.७ पट येते. एनजीसी ६५०५ च्या गाभ्यासाठी शाब्रिए यांच्या मूल्याच्या १.२६ पट इतके वस्तुमान निघाले आहे.

तिने यावर एक साधे कोष्टक केले. १३,१६० ला १.२६ ने भागले तर १०,४४० कोटी. ताऱ्यांचे वस्तुमान तेवढेच धरले, तर कृष्णद्रव्याचा वाटा ११ वरून सुमारे २९ टक्क्यांवर जातो. आणि १०,४४० ला १.७ ने गुणले तर १७,७५० कोटी येतात, म्हणजे ताऱ्यांचेच वस्तुमान एकूण वस्तुमानापेक्षा जास्त. हे अशक्य आहे. अर्थात हा हिशेब ढोबळ आहे आणि मूळ विश्लेषणाची जागा तो घेऊ शकत नाही. पण एका वलयाची त्रिज्या ताऱ्यांच्या जन्माविषयीची एक शक्यता बाद करू शकते, हे त्यातून डोळ्यांपुढे येते. जवळच्या ईएसओ ३२५-जी००४ या दुसऱ्या भिंगदीर्घिकेबाबतही, ताऱ्यांचे वेग मोठे असूनही वाटणी आपल्या आकाशगंगेसारखीच असल्याचे भिंगावरूनच दिसून आले होते. हे कोष्टक प्रबंधाचे सर्वांत वाचनीय पान ठरले.

परिणाम

प्रबंधाचे शीर्षक सादर करण्यापूर्वी बदलले. आधी ते "एनजीसी ६५०५ या दीर्घिकेचे वस्तुमान" असे होते. या दीर्घिकेचा अर्धा प्रकाश १२.३ आर्कसेकंदांच्या त्रिज्येत मावतो आणि वलय त्याच्या जेमतेम पाचव्या भागावर आहे. वर्गव्यस्त प्रतिमान तसेच बाहेर ताणले तर १२.३ आर्कसेकंदांच्या आत सुमारे ७२,८०० कोटी सूर्य निघतात, आणि त्याही पुढे वस्तुमान वाढतच राहते, कारण त्या प्रतिमानाला शेवट नाही. असा ताणलेला आकडा शीर्षकाखाली देण्याचा मोह तिला झाला होता. चर्चेनंतर तिने शीर्षकात "वलयाच्या आतील प्रक्षेपित वस्तुमान" असे शब्द घातले आणि बाहेरचा आकडा केवळ एका उदाहरणापुरता ठेवला. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत परिपक्व निर्णय हाच होता.

तोंडी परीक्षा एप्रिलच्या भर उन्हात झाली. बाहेरगावच्या परीक्षकांनी जवळजवळ सर्व वेळ गोल आणि दंडगोल यांवरच घेतला. फळ्यावर समाकलन करून पाय भागिले दोन आणून दाखवा, असे त्यांनी सांगितले आणि तिने ते न अडखळता केले. त्यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणी तयार करून ठेवलेला नव्हता: ३०३ हा फैलाव दीर्घिकेच्या नेमक्या कोणत्या भागातला आहे?

वेगळे काय करता आले असते

तो प्रश्न खरोखर महत्त्वाचा आहे. फैलावाचे मोजमाप डेसी या वर्णपटमापकाच्या प्रकाशतंतूतून झालेले आहे आणि त्या तंतूचा व्यास आकाशात सुमारे १.५ आर्कसेकंद आहे. म्हणजे मोजमाप मध्यापासून पाऊण आर्कसेकंदाच्या आतले, आणि वलय २.५ आर्कसेकंदांवर. लंबवर्तुळाकार दीर्घिकांत मध्यापासून बाहेर जाताना फैलाव सामान्यतः थोडा घटतो. वलयापर्यंतचा सरासरी फैलाव समजा २९० असेल, तर गतीवरून दंडगोलातले वस्तुमान १३,९०० वरून सुमारे १२,७०० कोटींवर उतरते आणि भिंगाशी तफावत साडेसहाऐवजी सुमारे १६ टक्के होते. मेळ तरीही वाईट नाही, पण प्रबंधात तो जितका घट्ट दाखवला गेला तितका घट्टही नाही. परीक्षेनंतर अंतिम प्रतीत तिने याविषयी एक परिच्छेद घातला. हे दुरुस्तीचे गणित सुरुवातीच्या आराखड्यातच असते, तर त्रुटींचे प्रकरण अधिक भक्कम झाले असते.

क्रमही बदलता आला असता. काल्पनिक दीर्घिकेवरची चाचणी अडचण आल्यावर केली गेली. ती खरे आकडे हातात घेण्यापूर्वी केली असती तर ६७ टक्क्यांचा तो फरक दिसताच त्याचा मोठा भाग ओळखीचा निघाला असता. पुढच्या तुकडीच्या प्रकल्पांत ही चाचणी पहिल्याच आठवड्यात ठेवली आहे. मात्र माझे यावर पूर्ण समाधान नाही. तिने ते गुणोत्तर स्वतः गाठल्यामुळे ते तिच्या पक्के लक्षात राहिले, आणि आधीच हाती दिलेली चाचणी तसा परिणाम करील की नाही याबद्दल मला शंका आहे.

प्रतिमानाच्या आणखी एका मर्यादेला हात लागला नाही. भिंगाच्या आसपास किंवा दृष्टिरेषेवर पातळ पत्र्यासारखे सपाट पसरलेले वस्तुमान असेल, तर वलयाची त्रिज्या न बदलता भिंगाच्या घनतेचा उतार वेगळा असू शकतो आणि केवळ प्रतिमेवरून दोन्ही शक्यतांत फरक करता येत नाही. वलयाच्या आतील एकूण आकड्याला याचा धक्का लागत नाही, पण त्यातला किती भाग दीर्घिकेचा स्वतःचा, या प्रश्नाला लागतो. एनजीसी ६५०५ इतक्या जवळच्या आणि दाट गाभ्याच्या दीर्घिकेत हा परिणाम लहान असावा, तरी त्याचा अंदाज मांडायला हवा होता.

जे०९४६+१००६ च्या दोन वलयांचा पर्याय सुरुवातीला सोडला, तो आता दुसरी विद्यार्थिनी घेत आहे. महाविद्यालयाने प्रयोगशाळेतील दोन संगणक संध्याकाळी उशिरापर्यंत उपलब्ध करून दिले आहेत, त्यामुळे दोन उगमांचे गणित या वेळी आवाक्यात आहे. कोणत्या मोजमापावरून गोलातले आणि कोणत्यावरून दंडगोलातले वस्तुमान लिहायचे, याचा तक्ता तिने आराखड्याच्या पहिल्या पानावर काढून आणला आहे.